प्रसार भारती : कायद्यात लिहिलेले आणि कचेरीत राहिलेले

(दिल्ली येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्तर रेल्वेचे मुख्यालय बडोदा हाऊस आपण सर्वांनी पाहिले आहे. सयाजीराव गायकवाडांचा हा वाडा. आज तेथे आपल्या बदल्या, बढत्या आणि चार्जशीटच्या फायली राहतात. पीएनएमची बैठक आटोपली की आम्ही मंडळी फाटकाबाहेर चहा घेतो आणि कोपर्निकस मार्गाने मंडी हाऊसच्या मेट्रोकडे चालू लागतो. त्याच रस्त्यावर दूरदर्शन भवन आहे. इतकी वर्षे आम्ही त्या इमारतीवरून गेलो, पण आत कारभार कोणत्या कायद्याने चालतो याची चौकशी करावी असे आम्हांला कधी वाटले नाही.

वाटले ते ९ जुलै २०२५ नंतर. त्या दिवशी केंद्रीय कामगार संघटनांचा देशव्यापी संप होता, चार श्रमसंहितांच्या विरोधात. रेल्वे संपात नव्हती, पण पाठिंब्याच्या गेट-मीटिंगा आपण घेतल्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये वाद जुंपला. दूरदर्शनने संपाची बातमी किती वेळ दाखवली? एक म्हणे दोन मिनिटे, दुसरा म्हणे दाखवलीच नाही, तिसरा म्हणे दाखवली पण फक्त बस अडवल्याची. आवाज चढले. तेव्हा एक तरुण ट्रॅकमन म्हणाला, "भांडता कशाला? त्यांनाच विचारा ना. आपल्याच पैशावर चालतंय ना ते?"

आम्ही गप्प झालो. आजचे हे भाषण त्या पोराच्या प्रश्नातून निघालेले आहे. आम्ही वकील नाही. कायद्याचे पुस्तक घेऊन बसलो, जेथे अडलो तेथे जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो आहोत.

आधी पैशाचे बोलू. आपल्या वडिलांच्या काळी घरात रेडिओ असेल तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. लहानसे पुस्तक असे, त्यावर शिक्के बसत. रेडिओ आपल्या पैशावर चालतो हे त्या पुस्तकामुळे माणसाच्या ध्यानात राहत असे. १९८० च्या दशकात ती परवाना फी बंद झाली. लोकांना बरे वाटले, पण पैसे देणे काही थांबले नाही. ते आता सरकारी तिजोरीतून जातात. आकाशवाणी-दूरदर्शनच्या पगाराचा मोठा भाग केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणासाठी जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे पुस्तक गेले, भरणा चालूच आहे, आणि भरणा करतो आहोत हे मात्र आपण विसरलो.

पैशाहूनही मोठी गोष्ट आहे ती आकाशातल्या लहरींची. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला. भांडण क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे याचे होते, निकाल मात्र फार दूरवर गेला. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचीही नाही. तिचा वापर जनहितासाठी व्हावा आणि त्यासाठी स्वतंत्र, स्वायत्त अशी सार्वजनिक संस्था असावी, असे न्यायालयाने सांगितले. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठावर आपले पी. बी. सावंत होते. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्रसार भारतीच्या अध्यक्षाची आणि सदस्यांची निवड करणारी जी तीन जणांची समिती आहे, तिच्यात राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती असते. मंत्री त्या समितीत नाही. ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेली आहे.

का केली, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. आणीबाणीत रेडिओ आणि टेलिव्हिजन सरकारचा भोंगा झाले होते. १९७७ मध्ये जनता सरकार आले, प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका निघाली, बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने १९७८ मध्ये स्वतंत्र न्यास करा असे सांगितले. १९७९ चे विधेयक सरकारबरोबर बुडाले. मग व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने सप्टेंबर १९९० मध्ये प्रसार भारती अधिनियम संमत करून घेतला. त्या वेळी माहिती व नभोवाणी मंत्री होते पी. उपेंद्र. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी रेल्वेत नोकरी केली होती, हे आपल्या लोकांना सांगायला आम्हांला आवडते! त्याच मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळत होते मधू दंडवते. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या आपल्या माणसांना रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी परत घेतले, ते आपण विसरलेलो नाही.

कायदा झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो कपाटात गेला. अंमल सुरू झाला १५ सप्टेंबर १९९७ ला. सात वर्षांनी.

आता त्या कायद्यात आहे काय? आम्ही तो वाचायला घेतला तेव्हा बाराव्या कलमाशी येऊन थांबलो. महामंडळाची कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. नागरिकाला सार्वजनिक महत्त्वाच्या सर्व बाबींची माहिती मोकळेपणाने, सत्याला धरून आणि निःपक्षपातीपणे मिळण्याचा हक्क आहे, त्याचे रक्षण करावे. परस्परविरोधी मतेही मांडावीत, स्वतःचे कोणतेही मत वा विचारसरणी पुढे रेटू नये. त्याच यादीत पुढे असा अर्थ आहे की श्रमिकवर्गाच्या हक्कांचे रक्षण करावे आणि त्यांचे कल्याण साधावे.

आम्ही ते दोनदा वाचले. ही कोणत्याही संघटनेच्या जाहीरनाम्यातली ओळ नाही, संसदेने केलेल्या कायद्यातली आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रसारणसंस्थेला कायद्याने सांगितले आहे की कामगारांच्या हक्कांचे रक्षण हे तुझे काम आहे. मुंबई आकाशवाणीवर एके काळी कामगारांसाठी खास सभा लागत असे. गिरणीतून, लोको शेडमधून सुटलेली माणसे ती ऐकत. तेव्हा हा कायदा नव्हता आणि कार्यक्रम होता. आता कायदा आहे. कार्यक्रमाचे काय झाले, असे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

नुसते कर्तव्य लिहून भागत नाही, त्यावर नजर ठेवणारा कोणी लागतो, हे रेल्वेवाल्याला शिकवावे लागत नाही. आपल्याकडे मोठा अपघात झाला की चौकशीला रेल्वे सुरक्षा आयुक्त येतो. तो रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतो. ही व्यवस्था स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहे. ज्याची चौकशी करायची त्याच्याच हाताखाली चौकशी करणारा नको, एवढी साधी गोष्ट.

प्रसार भारतीच्या कायद्यातही ही सोय आहे. तेराव्या कलमात २२ खासदारांची समिती सांगितली आहे. १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, आणि तेही नेमलेले नव्हेत, सभागृहाने प्रमाणशीर पद्धतीने निवडून दिलेले, म्हणजे विरोधकही त्यात येणार. महामंडळ आपली कर्तव्ये पाळते की नाही ते तिने पाहायचे आणि संसदेला अहवाल द्यायचा. चौदाव्या कलमात प्रसारण परिषद सांगितली आहे. अमुक कार्यक्रम वा महामंडळाचा कारभार कायद्याला धरून नाही अशी कोणाही माणसाची तक्रार असेल, कोणावर अन्याय झाला, कोणाचे म्हणणे मोडतोड करून दाखवले, तर दाद येथे मागायची.

कागदावर झकास. पण सॅम पित्रोदा यांच्या समितीने २०१४ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा तिला शिफारस करावी लागली की तेराव्या कलमातली समिती स्थापन करा. कायद्याला अंमलात येऊन १६ वर्षे झाली होती. कायद्यातली गोष्ट करा अशी शिफारस करायला तज्ज्ञांची समिती बसवावी लागते, हे आपण लक्षात घ्यावे. या काळात दिल्लीत सरकारे आली-गेली, सर्व रंगांची आली. समिती कोणालाच नको होती. विरोधात असताना स्वायत्तता, खुर्चीवर बसल्यावर दूरदर्शन. हे एका पक्षाचे दुखणे नाही.

परिषद नसली की काय होते? उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण आकाशवाणी-दूरदर्शनने ध्वनिमुद्रित केले आणि नंतर कळवले की मजकूर बदलल्याशिवाय ते प्रसारित होणार नाही. त्यांनी बदलायचे नाकारले, भाषण लागले नाही. भाषण चांगले की वाईट हा आपला आजचा विषयच नाही. एका राज्याच्या निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याला 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणून ज्या दारावर जायचे, ते दार कायद्यात होते आणि इमारतीत नव्हते. मग आपल्या गेट-मीटिंगची काय कथा?

ज्यांच्यात दम होता ते न्यायालयात गेले. भोपाळच्या वायुकांडावर 'बियाँड जिनोसाइड' नावाचा माहितीपट तपन बोस यांनी केला होता. दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले, दाखवा. आपल्या मुंबईचे आनंद पटवर्धन यांचा 'फादर, सन अँड होली वॉर' हा चित्रपट १९९५ चा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ऑगस्ट २००६ मध्ये, पटवर्धनांच्या बाजूने. अकरा वर्षे! पटवर्धन लढणारा माणूस, तो अकरा वर्षे लढला. सफाई कामगारांवर वा गँगमनवर कोणी पंधरा मिनिटांची फिल्म केली आणि ती नाकारली गेली, तर तो काय सर्वोच्च न्यायालयात जाणार? त्याच्यासाठीच तर परिषद होती.

आता आम्हांला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या कलमाकडे येतो. ते आहे तेविसावे. देशाचे सार्वभौमत्व, एकात्मता, सुरक्षा वा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी केंद्र सरकार प्रसार भारतीला निर्देश देऊ शकते, की हे प्रसारित करू नका, किंवा सार्वजनिक महत्त्वाचे हे प्रसारित करा. म्हणजे सरकारला अधिकार आहे. ठीक आहे, देश चालवायचा तर काही अधिकार लागतो. पण पुढे वाचा. अशा निर्देशानुसार काही प्रसारित केले, तर 'हे सरकारच्या निर्देशावरून' असे महामंडळ श्रोत्यांना सांगू शकते. आणि प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवली पाहिजे. काही निर्देशांची नव्हे, प्रत्येक निर्देशाची.

आपल्या गेटमन बंधूंनी हे लगेच ओळखले असेल. स्टेशन मास्तर फोनवर फाटक बंद करायला सांगतो तेव्हा नुसते 'बंद कर' म्हणून चालत नाही. प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते आणि तो दोन्हीकडच्या वहीत उतरतो. उद्या काही झाले तर कोणी काय सांगितले होते, कोणी काय ऐकले होते, ते वहीत असते. ड्रायव्हरला वेगमर्यादा सांगायची तर कॉशन ऑर्डर लेखी द्यावी लागते. तोंडी हुकमावर गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही दोषी. तेविसावे कलम म्हणजे प्रसारणातला प्रायव्हेट नंबर आहे. सरकारला काही सांगायचे असेल तर लिहून सांगा, आणि लिहिलेले संसदेला दाखवा.

मग लेखी निर्देश किती निघाले आणि संसदेपुढे किती ठेवले गेले? हा आपला पहिला प्रश्न. उत्तर 'शून्य' आले तर दोनच शक्यता राहतात. एक, सरकारने कधी काही सांगितलेच नाही. दुसरी शक्यता फोनची. यातली कोणती खरी हे आम्ही येथे सांगत नाही, आपण टेलिव्हिजन पाहता.

हिशेबाचे कलमही आहे. प्रसार भारतीचे हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग तपासतात, आणि वार्षिक अहवाल व तपासलेले हिशेब संसदेच्या पटलावर येतात. हे बरेचसे पाळले जाते. पण तपासणी होते ती घोडे गेल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा याच दिल्लीत झाल्या, आपण सर्वांनी त्या काळातली खोदाई पाहिली. त्या स्पर्धांच्या प्रसारणाचे कंत्राट २४६ कोटींचे होते. स्पर्धा संपल्यावर माजी महालेखापरीक्षक शुंगलू यांची समिती बसली. तिच्या अहवालाचा पहिलाच विषय प्रसारण होता. डिसेंबर २०१० मध्ये प्रसार भारतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला निलंबित केले गेले. कोणाचा दोष किती, ते ठरवायला आम्ही बसलेलो नाही. आमचे म्हणणे इतकेच, की मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त आणि निविदेचे कागद कंत्राट देतानाच लोकांना पाहता आले असते, तर समितीला काम कमी उरले असते.

येथे अमेरिकेचे एक सांगतो. त्या देशाचे गोडवे गाण्याचा आमचा स्वभाव नाही. पण तेथे सार्वजनिक पैसा घेणाऱ्या रेडिओ-टेलिव्हिजन केंद्रांना कायद्याने अटी होत्या. संचालक मंडळाच्या बैठका लोकांना खुल्या, सात दिवस आधी सूचना. हिशेब कोणालाही पाहायला खुले. गावातल्या लोकांची सल्लागार समिती. हे न केल्यास अनुदान बंद. जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने ते अनुदानच काढून घेतले, सुमारे १.१ अब्ज डॉलर. म्हणजे नियम पाळणाऱ्या केंद्रांचाही पैसा गेला. त्यातून आम्ही एवढेच घेतो, की पारदर्शकता मागताना अनुदानाचेही रक्षण करावे लागते. दूरदर्शन वाईट आहे म्हणून विकून टाका, असे म्हणणारे तयारच बसले आहेत. रेल्वेबाबत आपण तेच ऐकत आलो आहोत. आपल्याला आकाशवाणी हवी आहे, चांगली चालणारी हवी आहे.

आपल्याच गुरुग्रामात २००९ मध्ये 'गुडगाव की आवाज' नावाचे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले, उद्योग विहारच्या बाजूला, बाहेरून आलेल्या कामगारांसाठी. अशा लहान केंद्रांना सरकारने घातलेल्या अटींत निम्मा कार्यक्रम स्थानिक असावा आणि प्रसारित झालेले सर्व तीन महिने जपून ठेवावे, असे आहे. एका खोलीत चालणाऱ्या केंद्राला हे जमवावे लागते. मोठ्यांनी मग सबब सांगू नये.

पुण्याचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांच्या घरचे आहे. जून २०२३ मध्ये बातमी आली की पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देणार. सकाळच्या बातम्यांवर घड्याळ लावणारी माणसे पुण्यात आहेत. ओरड झाली, सर्व पक्षांचे लोक बोलले, आणि मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. छान झाले. पण निर्णय कोणी घेतला, कोणत्या बैठकीत, कोणत्या हिशेबावर? मनुष्यबळ नव्हते म्हणून, की आणखी कशासाठी? माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात स्वच्छ लिहिले आहे, की जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करा आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणे सांगा. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता हे करायचे आहे. ओरड करून निर्णय थांबला, पण कारण कळले नाही, तर तोच निर्णय दुसऱ्या वाटेने परत येतो. शटल गाडी बंद करण्याचे हुकूम आपण असेच तीन-तीनदा थांबवले आहेत.

आता आपल्या घरचे म्हणजे कामगाराचे. प्रसार भारतीच्या मंडळाची रचना वाचा. अध्यक्ष, कार्यकारी सदस्य, वित्त सदस्य, कार्मिक सदस्य, सहा अंशकालीन सदस्य, आकाशवाणी आणि दूरदर्शनचे महासंचालक, मंत्रालयाचा प्रतिनिधी. आणि कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी. एक अभियांत्रिकी कर्मचाऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेला, एक बाकीच्या कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला. नेमलेला नव्हे, निवडून दिलेला. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग म्हणून आपण किती वर्षे घसा कोरडा केला! रेल्वे बोर्डावर आपला निवडून दिलेला माणूस नाही. प्रसार भारतीच्या कायद्याने तो दिला. त्या दोन खुर्च्यांसाठी निवडणूक कधी झाली, मतदारयादी कोणी केली, आज तेथे कोण बसले आहे? हा आपला दुसरा प्रश्न. तेथील संघटनांनी तो विचारला असेलच, पण दुसऱ्या खात्यातली युनियन विचारते तेव्हा कचेरीत जरा वेगळी खळबळ होते.

गुप्त मतदानाने मान्यता ठरवण्याची गोष्ट रेल्वेत २००७ ला झाली, २०१३ ला झाली, आणि नंतर ४ ते ६ डिसेंबर २०२४ ला. मधली अकरा वर्षे गेली, हेही सांगून टाकू. दुसऱ्याला विचारताना आपला इतिहास लपवू नये.

त्या मंडळात कामगाराचा माणूस का हवा ते ऐका. आकाशवाणीच्या केंद्रांवर जे गोड आवाज आपण ऐकतो, त्यांतले कितीतरी नैमित्तिक निवेदकांचे आहेत. महिन्याला सहाच्या आसपास ड्यूट्या, तेवढ्याचेच मानधन. वीस-वीस वर्षे माइकसमोर बसलेली माणसे आहेत, आणि कागदावर ती कर्मचारीच नाहीत. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेल्या नियमित कर्मचाऱ्यांना २०१२ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारी वेतन आणि लाभांचे संरक्षण मिळाले. नैमित्तिक त्यात कोठेच नाहीत. श्रमिकांच्या हक्कांचे रक्षण हे ज्या संस्थेचे कायदेशीर कर्तव्य, तिच्याच दारात हे श्रमिक उभे आहेत. मंडळाच्या बैठकीत हा विषय कधी आला आणि काय ठरले, ते इतिवृत्तात असेल. म्हणून इतिवृत्त हवे. हा तिसरा प्रश्न.

विचारायचे कसे, ते आता. माहिती अधिकार हा वकिलांनी शोधलेला नाही. राजस्थानात मजुरांनी हजेरीपट दाखवा म्हणून मागणी केली, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले, तेथून ही चळवळ वाढली. आमची मजुरी कोणाच्या नावावर उचलली ते दाखवा, एवढीच मागणी होती. महाराष्ट्रात आपला कायदा २००२ चा, देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून. प्रसार भारती त्याखाली येते. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, साध्या कागदावर अर्ज, तीस दिवसांत उत्तर. उत्तर न आले वा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील त्याच संस्थेतल्या वरिष्ठाकडे, आणि नंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे, जो येथेच मुनीरकाजवळ आहे.

आमच्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका कचेरीकडे आम्ही अर्ज केला, कंत्राटी सफाई कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीबद्दल. अर्जात लिहिले, 'कामगारांवर अन्याय का होत आहे याचा खुलासा करावा.' उत्तर आले, खुलासा ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. आम्ही चिडलो, पण त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या अर्जात लिहिले, 'अमुक तीन महिन्यांच्या चलनांच्या प्रती द्याव्यात.' प्रती आल्या, आणि ठेकेदाराला निम्म्या माणसांचा निधी भरावा लागला. तेव्हा 'का' विचारू नका. कागद मागा. तारीख, क्रमांक, प्रत.

अडथळे येणार. 'व्यापारी गुपित आहे' म्हणतील, तेव्हा आठव्या कलमातच लिहिलेले दाखवा की व्यापक जनहित असेल तर ते द्यावे लागते. 'वैयक्तिक माहिती आहे' हे आता जास्त ऐकू येईल, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते पोटकलम बदलले, आणि त्याच्या आतली जनहिताची मोकळीक काढून टाकली. आठव्या कलमाचे दुसरे उपकलम मात्र शिल्लक आहे. नुकसानीपेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते म्हणते. अपिलात ते लिहायला विसरू नका.

एक कडू गोष्ट सांगायची राहिली. हे भाषण तयार करताना त्या ट्रॅकमनने आणखी एक प्रश्न विचारला, "साहेब, आपल्या शाखेचा हिशेब शेवटचा कधी वाचला होता?" आम्ही आठवू लागलो. तीन वर्षे झाली होती. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यापासून युनियनच्या वह्या तपासण्याचा हक्क सभासदाला होता, आणि आमच्या शाखेत त्या वह्या कपाटात होत्या, अगदी प्रसार भारतीच्या कायद्यासारख्या. किल्ली खजिनदाराकडे, खजिनदार बदलीवर. पैसा गेलेला नव्हता, पण सभासदाने ते कशावरून मानावे? मागच्या महिन्यात आम्ही पावती-पुस्तकासकट हिशेब सभेत ठेवला. सव्वादोन तास लागले. एका सहाशे रुपयांच्या टॅक्सीभाड्यावर पाऊण तास गेला. ते भाडे आम्हीच केले होते. भरून टाकले.

तर कामाची वाटणी अशी आहे. तेविसाव्या कलमाचा अर्ज मुख्यालय शाखा करील, आणि तो मंत्रालयाकडेही वेगळा जाईल, कारण निर्देश देणारे ते आहेत. कर्मचारी प्रतिनिधींच्या निवडणुकीचा अर्ज गाझियाबाद शाखेने घ्यावा. नैमित्तिक निवेदकांबाबत मंडळाच्या इतिवृत्ताचा अर्ज फरिदाबादने. ९ जुलै २०२५ च्या दिवशी दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या दिल्लीहून गेलेल्या बातमीपत्रांच्या संहितांच्या प्रती आमची शाखा मागेल, त्या पोराच्या सहीने. मसुदे मराठी, हिंदी दोन्हींत आहेत, पाठवताना हिंदीच पाठवा. पोस्टल ऑर्डरी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, प्रत्येकी दहा रुपये देऊन न्याव्यात आणि वहीत सही करावी. अर्ज स्पीड पोस्टने टाका, पावती जपून ठेवा आणि तीस दिवस मोजायला पावतीवरची नव्हे, त्यांच्या कचेरीत पोचल्याची तारीख धरा.